'नाही' आणि 'विचारताच आलं नाही'

लिनक्सवर एखादा प्रोग्राम सोर्स कोडवरून बांधून घ्यायचा म्हणजे आधी 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट चालवायची. हे ज्यांनी कधी ना कधी केलंय त्यांना तो देखावा नवीन नाही. काळ्या पडद्यावर प्रश्नोत्तरांची रांग सरकत राहते. सी कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. अमुक हेडर फाईल आहे का? आहे. तमुक फंक्शन? नाही. असे शेकडो प्रश्न होतात आणि तोवर आपण चहा करून येतो. वाचत कुणीच नाही. मंगलाष्टकं चालू असताना मंडळी अक्षता टाकत गप्पा मारतात ना, तसाच प्रकार. विधी झाला पाहिजे, एवढंच.

पण हा विधी कुठून आला, तो का सुरू झाला आणि त्याचा अर्थ हळूहळू कसा हरवला, ही गोष्ट मला फार दिवस सांगायची होती. २०२४ साली या न वाचलेल्या प्रश्नांमुळे जगभरचे असंख्य सर्व्हर थोडक्यात बचावले, तेव्हापासून तर जास्तच.

आधी थोडी ओळख. शेल म्हणजे आपण टाईप केलेली कमांड वाचून ती चालवणारा प्रोग्राम. अशा कमांडी एका फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्पसनचा, १९७१ चा. तो अगदी साधा होता. आज आपण ज्याला शेल स्क्रिप्टची भाषा म्हणतो ती आली १९७९ मध्ये, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर, बेल लॅब्जच्या स्टीफन बॉर्नने लिहिलेल्या शेलमध्ये. बॉर्नचं प्रेम अल्गॉल ६८ या भाषेवर. म्हणून 'इफ'चा शेवट तेच अक्षर उलटं करून 'फाय', आणि 'केस'चा शेवट 'एसॅक'. (याच न्यायाने 'डू'चा शेवट 'ओडी' व्हायला हवा होता, पण त्या नावाची एक कमांड आधीच होती, म्हणून बिचाऱ्याला 'डन' लिहावं लागलं!)

याच आवृत्तीत 'टेस्ट' नावाची एक छोटी कमांड आली. ती स्वतः काही छापत नाही. तिला विचारायचं, ही फाईल आहे का, हे दोन शब्द सारखे आहेत का, आणि ती फक्त एक आकडा मागे ठेवून जाते. शून्य म्हणजे हो, एक म्हणजे नाही. शाळेत शून्य मिळालं की मार बसायचा, इथे शून्य म्हणजे यश. त्यामागचा विचार सरळ आहे : काम नीट होण्याचा प्रकार एकच, बिघडण्याचे मात्र अनेक, तेव्हा उरलेले सगळे आकडे बिघाडांसाठी मोकळे ठेवा. आणि म्हणूनच पुढे प्रमाण ठरवताना असं ठरलं की 'टेस्ट'ने एकापेक्षा मोठा आकडा दिला, तर त्याचा अर्थ 'नाही' असा घ्यायचा नाही. त्याचा अर्थ, प्रश्नच चुकला, मला विचारता आलं नाही. फाईलमध्ये शब्द शोधणाऱ्या 'ग्रेप'चंही तेच. सापडला तर शून्य, नाही सापडला तर एक, आणि फाईलच उघडता आली नाही तर त्याहून मोठा.

हा बारीक फरक लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

आता युनिक्सच्या घरातली भाऊबंदकी. बेल लॅब्जच्या मालकीणबाई म्हणजे एटी अँड टी. सरकारशी झालेल्या १९५६ च्या करारामुळे या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून युनिक्सचा सोर्स कोड विद्यापीठांना स्वस्तात मिळाला. बर्कलीच्या मुलांनी त्यात भर घालून आपली शाखा काढली, तिचं नाव बीएसडी. १९८३ मध्ये एटी अँड टीने सिस्टिम फाईव्ह बाजारात आणली. मग सन, एचपी, आयबीएम, डेक अशा प्रत्येकाने आपापलं युनिक्स काढलं. कुळ एक, पण प्रत्येक घरच्या आमटीची चव वेगळी.

किती वेगळी? पडद्यावर एक शब्द छापायची 'इको' ही कमांड घ्या. शब्द छापून पुढच्या ओळीवर जायचं नसेल, तर बर्कलीच्या घरात आधी 'उणे एन' असं लिहायचं. सिस्टिम फाईव्हच्या घरात शब्दाच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आणि 'सी'. एका घरची खूण दुसऱ्या घरात लिहिली की ती खूणच पडद्यावर उमटायची. सगळ्यात साध्या कमांडची ही गत, तर बाकीच्यांबद्दल काय बोलावं!

अशा वेळी एकच प्रोग्राम सगळ्या मशीनवर चालवायचा कसा? सुरुवातीचा उपाय होता नाव विचारण्याचा. प्रोग्रामबरोबर येणाऱ्या मेकफाईलमध्ये लिहिलेलं असे, तुमचं मशीन बर्कलीचं असेल तर ही ओळ ठेवा, सिस्टिम फाईव्हचं असेल तर ती. पण मधल्या मधल्या जाती निघू लागल्या. नाव सिस्टिम फाईव्ह, पण नेटवर्किंग बर्कलीचं. नाव बर्कली, पण कंपनीने दोन फंक्शनं काढून टाकलेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ही म्हण युनिक्सवाल्यांना माहीत असती तर त्यांनी ती मॅन्युअलच्या पहिल्या पानावर छापली असती.

यातून वाट काढणाऱ्यांत पहिलं मोठं नाव लॅरी वॉलचं. पर्ल भाषेचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो, पण पर्ल १९८७ चं. त्याआधी १९८४ च्या सुमारास त्याने यूजनेटवरच्या बातम्या वाचायचा 'आरएन' नावाचा प्रोग्राम लिहिला, आणि त्याच्यासोबत 'कॉन्फिगर' नावाची एक शेल स्क्रिप्ट दिली. ती मशीनचं नाव ऐकून गप्प बसत नसे. तुझ्याकडे हे आहे का, दाखव बघू, असं विचारे. 'इको'ची कुठली खूण चालते हे ठरवायला ती सरळ एक खूण वापरून बघे आणि माणसाला सांगे की चांदणी बाणाच्या पुढ्यातच दिसायला हवी. स्क्रिप्ट गप्पिष्ट होती, विनोदी होती. युनिस नावाचं एक नकली युनिक्स त्या काळी व्हीएमएस मशीनवर चालायचं. तुमचं मशीन ते नसेल, तर ही स्क्रिप्ट तुमचं चक्क अभिनंदन करायची!

विचार मात्र गंभीर होता. नाव विचारू नका, अंगात काय आहे ते तपासा.

पुढची पायरी १९९१ ची. डेव्हिड मॅकेन्झी तेव्हा ग्नू प्रकल्पाच्या बऱ्याच छोट्या प्रोग्रामांची देखभाल करत होता. फाईली कॉपी करणं, यादी दाखवणं असल्या रोजच्या कमांडी. बांधणाऱ्याने मेकफाईलमध्ये स्वतः निवडायचे पर्याय वाढत वाढत वीसच्या घरात गेले होते आणि दर नव्या आवृत्तीला त्याला ते सगळं वेगवेगळ्या मशीनवर तपासावं लागे. कंटाळून त्याने जूनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी यातले बरेच पर्याय स्वतःच ओळखे. ती चालली. मग ती हाताने बदलून दुसऱ्या प्रोग्रामला लावली, मग तिसऱ्या. थोड्याच दिवसांत एक सुधारणा करायची तर ती प्रत्येक स्क्रिप्टमध्ये जाऊन करायची पाळी आली. तेवढ्यात ग्नूचाच एक सहकारी विचारता झाला, की या स्क्रिप्टा तयार करून देणारं एखादं साधन आहे का तुझ्याकडे? नव्हतं. पण असायला हवं, असं मॅकेन्झीला वाटलं, आणि त्यातून 'ऑटोकॉन्फ' जन्माला आलं. लिहिणाऱ्याने काय काय तपासायचं ते थोडक्यात लिहायचं, आणि एमफोर नावाचा मॅक्रोंचा प्रोग्राम त्याची हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट करून देणार.

त्याच्यासमोर दुसरा रस्ताही होता. कुठल्या युनिक्समध्ये काय आहे याचा तक्ता करून ठेवायचा. काही जण तसं करतही होते. मॅकेन्झीने तो रस्ता नाकारला, कारण असा तक्ता अद्ययावत ठेवणं त्याला अशक्य कोटीतलं वाटलं. त्यापेक्षा जागेवर तपासा. एक चिमुकला सी प्रोग्राम लिहा, त्यात हवं ते फंक्शन वापरा, कंपायलरला द्या. बांधला गेला तर फंक्शन आहे, नाही गेला तर नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

या स्क्रिप्टा उघडून पाहिल्या तर भाषा मात्र फार विचित्र दिसते. कारण ज्या मशीनबद्दल अजून काहीच माहीत नाही, त्याच मशीनवर चालून तिला त्याची माहिती काढायची आहे. म्हणजे पाहुण्याने दारात उभं राहून, घरात कुठली भाषा बोलतात हे कळायच्या आत, सगळ्यांना समजेल असंच बोलायचं. म्हणून ऑटोकॉन्फने बॉर्नच्या जुन्या शेलमध्ये चालेल तेवढंच वापरायचं ठरवलं. शेलमध्ये फंक्शनं १९८४ च्या सुमारास आली होती, तरी ऑटोकॉन्फने ती कितीतरी वर्षं वापरली नाहीत. न जाणो, एखाद्या कोपऱ्यातल्या मशीनवर नसली तर? दोन शब्दांची तुलना करायची तर दोन्हीच्या आधी उगाचच एक 'एक्स' अक्षर चिकटवायचं, कारण शब्द रिकामा असला किंवा उणे चिन्हाने सुरू झाला, तर काही जुन्या 'टेस्ट' कमांडी गोंधळून जात. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्यातली गत. ऑटोकॉन्फच्या मॅन्युअलमध्ये शेलच्या अशा खोडींवर एक अख्खं प्रकरण आहे. मला ते इतिहासाच्या पुस्तकासारखं वाटतं. कुठल्या शेलने कधी कुणाला दगा दिला याची बखरच ती!

प्रमाण ठरवायचे प्रयत्नही चालू होतेच. पॉझिक्सचा शेल आणि कमांडींचा भाग १९९२ मध्ये आला, आणि आज 'पोर्टेबल' शेल स्क्रिप्ट म्हणजे याच प्रमाणाला धरून लिहिलेली, असं आपण मानतो. पण कागदावरचं प्रमाण आणि मशीनवरचा शेल यांची गाठ पडायला किती काळ लागावा? सोलारिसच्या नेहमीच्या जागी बसलेला जुना बॉर्न शेल हटला तो २०११ च्या सोलारिस ११ मध्ये. लिनक्सवर उलटं घडलं. तिथे नेहमीच्या जागी बॅश होता, तो पॉझिक्सपेक्षा कितीतरी जास्त लाड पुरवायचा, आणि लोकांना ते लाड म्हणजेच शेल वाटू लागलं. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटूने मशीन लवकर सुरू व्हावं म्हणून त्या जागी डॅश नावाचा छोटा, काटेकोर शेल बसवला, आणि पहिल्या ओळीत साध्या शेलचं नाव लिहून आत बॅशचे लाड वापरणाऱ्या स्क्रिप्टा धडाधड कोसळल्या. लोकांनी उबुंटूला शिव्या घातल्या. पण चूक स्क्रिप्टांची होती. त्यांनी शेलचं नाव एक सांगितलं होतं आणि अपेक्षा दुसऱ्याची केली होती. सोनूबाई पुन्हा भेटल्या.

असो. तोवर ऑटोकॉन्फचं यशच त्याच्या अंगावर येऊ लागलं होतं. ज्या मशीनसाठी हे प्रश्न लिहिले ती एकेक करून अडगळीत गेली, पण प्रश्न तसेच राहिले. प्रश्न घालणं सोपं, काढणं अवघड. कारण तो का घातला होता हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं आणि काढायला हात धजावत नाही. फ्रीबीएसडीवाले पॉल-हेनिंग कॅम्प यांनी २०१२ च्या एका गाजलेल्या लेखात यावर सडकून टीका केली. लिबटूलची कॉन्फिगर स्क्रिप्ट तीस हजारांवर ओळींची आहे आणि ती अजून अशा फाईली शोधते, ज्या नसलेल्या युनिक्सवर एवढी स्क्रिप्ट चालायला पुरेशी मेमरीसुद्धा नव्हती, असा त्यांचा मुद्दा. टीका रास्त होती, पण त्याची दुसरी बाजूही बघा. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ती आली २०१२ मध्ये आणि पुढची २.७० थेट डिसेंबर २०२० मध्ये. सगळं जग ज्या पायावर उभं आहे त्याची डागडुजी करायला साडेआठ वर्षं पुरेशी माणसं नव्हती.

आणि आता तो बारीक फरक. 'टेस्ट' कमांडकडे तीन उत्तरं होती : हो, नाही, आणि विचारता आलं नाही. पण चिमुकला सी प्रोग्राम बांधून पाहायच्या पद्धतीत उत्तरं दोनच उरली. बांधला गेला म्हणजे हो. नाही बांधला गेला म्हणजे नाही. मग तो फंक्शन नसल्यामुळे असो, नाहीतर आपण लिहिलेल्या चाचणीतच चूक असल्यामुळे. कंपायलरचा खरा आरडाओरडा एका लॉग फाईलमध्ये जाऊन पडतो आणि ती फाईल उघडतो कोण?

याचा हिशेब बराच उशिरा चुकता झाला. २०२३ चा क्लँग १६ आणि २०२४ चा जीसीसी १४ हे कंपायलर जुन्या धाटणीच्या ढिल्या सीला आता चूक मानतात. त्याआधी ते इशारा देऊन सोडून देत. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टांमधल्या चाचण्या याच ढिल्या सीमध्ये लिहिलेल्या होत्या. त्या बांधल्या जाईनात, आणि स्क्रिप्टा शांतपणे म्हणू लागल्या, अमुक सोय या मशीनवर नाही. सोय होती! प्रोग्राम बांधला जायचा, चालायचाही, फक्त एखादं अंग गळालेलं असायचं. फेडोराच्या लोकांना असल्या चाचण्या शोधून शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. प्रोग्राम धडधडीत मोडला असता तर बरं, निदान कळलं तरी असतं.

ही झाली नकळत घडलेली गोष्ट. २०२४ मध्ये कुणीतरी हेच जाणूनबुजून केलं. 'एक्सझेड' हा फाईली आवळून लहान करायचा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतो. त्याची देखभाल वर्षानुवर्षं मुख्यतः एकटा माणूस करत होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका मदतनिसाने दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यात एक चोरदरवाजा बसवला. तो सोर्स कोडच्या उघड्या भांडारात धडपणे दिसतच नव्हता. सुरुवातीचा धागा होता फक्त प्रकाशित गठ्ठ्यातल्या एका एमफोर फाईलमध्ये, जिच्यातून कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार होते. उरलेला माल चाचणीसाठी ठेवलेल्या 'मुद्दाम बिघडवलेल्या' फाईलींत दडवलेला.

त्या दडवलेल्या स्क्रिप्टमध्ये काय होतं? प्रश्न! हे लिनक्स आहे का, डेबियनचं पॅकेज बांधलं जातंय का, की आरपीएमचं? तुलनेआधी 'एक्स' लावायची ती जुनी सवयसुद्धा जशीच्या तशी. हजारो ओळींच्या प्रश्नावलीत आणखी चार प्रश्न. कुणाला खटकणार? आणि त्याच प्रोग्रामच्या सीमेकसाठीच्या बांधणीत लँडलॉक या सुरक्षा-कुंपणाची सोय आहे का, हे पाहणाऱ्या चाचणीत एक सुटा पूर्णविराम घातलेला होता. बस, एक टिंब. त्यामुळे ती चाचणी कुठल्याच मशीनवर कधी बांधली जाणार नव्हती आणि उत्तर कायम येणार, 'नाही'. तशी बांधणी केलेल्या प्रोग्रामला कुंपण मिळालंच नसतं आणि कुणाला कळलंही नसतं.

हे सगळं उघडकीला आणलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरने, २९ मार्च २०२४ रोजी. एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपण सोडून दिलं असतं. त्याने कारण शोधायचं ठरवलं. तेव्हा या आवृत्त्या मुख्यतः प्रयोगावस्थेतल्या वितरणांतच पोचल्या होत्या, म्हणून निभावलं.

या सगळ्या इतिहासातून मी स्वतःपुरता काढलेला अर्थ साधा आहे. सर्व्हरची सेटिंग्ज तपासणाऱ्या पंधरा-वीस ओळींच्या स्क्रिप्टा आपण सगळेच लिहितो. फायरवॉल चालू आहे का, बॅकअप झाला का, अमुक पर्याय बंद आहे का. त्या लिहिताना लॅरी वॉलचा धडा घ्यावाच, म्हणजे नावावर विसंबू नये, गुण तपासावा. 'इको'ऐवजी 'प्रिंटएफ' वापरावं, पहिल्या ओळीत ज्या शेलचं नाव लिहिलं त्याच्याशी प्रामाणिक राहावं, वगैरे वगैरे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिसरं उत्तर गिळू नये. सेटिंगची फाईल वाचताच आली नाही, तर 'पर्याय बंद आहे' असं छापणारी स्क्रिप्ट धोका सांगत नाही, लपवते. तिथे 'मला तपासता आलं नाही' असं मोठ्याने ओरडून थांबलं पाहिजे. एक दिसायला साधी युक्ती अशी, की नवी चाचणी लिहिली की ती एकदा जिथे उत्तर 'हो' यायलाच हवं अशा मशीनवर चालवून बघावी आणि एकदा 'नाही' यायलाच हवं अशा मशीनवर. ते टिंब पहिल्याच फेरीत सापडलं असतं.

आणि प्रत्येक प्रश्नाशेजारी एक ओळ लिहावी, हा प्रश्न का विचारला, कुठल्या मशीनसाठी आणि कोणत्या साली. म्हणजे ते मशीन भंगारात गेल्यावर मागून येणाऱ्याला तो प्रश्न निर्धास्तपणे खोडता येईल. प्रश्नावली छोटी राहिली तरच ती कुणी वाचेल. आणि वाचणारं कुणी असलं, तरच त्या पूर्णविरामावर नजर अडेल.